लेकरू आईचं, वळण साऱ्यांचं



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप आला. सोसायटीचा जागा घेण्यापासूनचा इतिहास अहवालात येणारच आहे. बँकेच्या आठवणी लिहिल्या तर त्या आम्ही चार निवृत्त मंडळीच वाचणार. म्हणून पंचवीस वर्षांत या इमारतींत जी मुलं वाढली आणि आज जी वाढताहेत, त्यांना धरून एक विषय घेतला.

मूल हट्टी निघालं, मोठ्यांना उलट बोललं, खेळताना कुणाला ढकललं, की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं, ‘आईनं वळण लावलं नाही.’ तेच मूल गुणी निघालं तर ‘घराण्याचं नाव काढलं’ म्हणतात. म्हणजे नावे टाकायचं आईच्या खात्यावर आणि जमा करायचं घराण्याच्या खात्यावर! बँकेत असा हिशोब कुणी मांडला असता तर ऑडिटरनं त्याच दिवशी धरला असता. हा हिशोब इतिहासाला धरून आहे का, ते आपल्याच भागातली उदाहरणं घेऊन तपासावं, एवढाच या लेखाचा हेतू.

देवराष्ट्र्याच्या विठाई

पहिलं उदाहरण घरचंच आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे इथं, त्यांच्या आजोळी झाला. देवराष्ट्रे आज कडेगाव तालुक्यात असलं तरी तेव्हा ते खानापूर तालुक्यात, म्हणजे आपल्याच विटा ठाण्याखाली होतं आणि जिल्हा होता सातारा. चव्हाणांचं मूळ घरही विट्याचंच. वडील बळवंतराव कराडला कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव अगदी लहान असताना प्लेगनं वडील गेले. आई विठाई यांना अक्षरओळख नव्हती. पदरात चार मुलं आणि मिळकत जवळपास नाहीच.

या माऊलीनं मुलांना कसं वाढवलं, ते यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात मनापासून सांगितलं आहे. पहाटे जात्यावर बसायचं आणि ओव्यांतून मुलांना धीर द्यायचा, की वाईट दिवस कायमचे नसतात. उपदेशाचं वेगळं पुस्तक नव्हतं. दळता दळता मूल मांडीवर डोकं ठेवून जे ऐकेल, तोच त्याचा पहिला धडा. 1932 साली यशवंतरावांना सत्याग्रहात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. माफी मागितली तर सुटका होईल, असं सुचवायला शाळेचे एक गुरुजी विठाईंना बरोबर घेऊन गेले होते. माफी मागायचं काही कारण नाही, तब्येतीला जप, असं सांगून विठाई परत आल्या. लिहितावाचता न येणारी बाई, कमावता माणूस गेलेला, घरातलं शिकणारं पोरगं तुरुंगात, आणि तरीही हा निर्णय! 1 मे 1960 ला हाच मुलगा महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला.

ही गोष्ट आपण नेहमी ‘धन्य ती माता’ म्हणून सांगतो आणि थांबतो. पण ‘कृष्णाकाठ’ नीट वाचलं तर विठाईंच्या भोवतीची माणसंही दिसतात. देवराष्ट्र्याला आजी होती, मामा होते. थोरले भाऊ ज्ञानोबा यांनी वडिलांच्या जागी नोकरी धरून घर चालवलं. मधले भाऊ गणपतराव यांनी धाकट्याला वाचनाकडे आणि चळवळीकडे वळवलं. शाळेचे गुरुजी होते, कराडचे सोबती होते. विठाईंचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. फक्त एवढं कळतं की त्या एकट्या पडल्या नव्हत्या.

श्यामची आई आणि बोर्डिंगातल्या लक्ष्मीबाई

मराठी घरांत आईचं वळण म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. 1953 साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढल्या वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तो गावच्या तंबूत बसून, डोळे पुसत पाहिला असेल.

त्यातला पोहण्याचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आईनं मारून विहिरीवर पाठवलं आणि नंतर जवळ घेऊन का मारलं ते समजावलं. आजच्या आईबापांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, आणि वाटायलाही हवा, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींवर बंदी घातली आहे. पण आमच्या पिढीनं त्यातून घ्यायचं ते सोडलं आणि सोडायचं ते घेतलं, असं मला वाटतं. मारणं घराघरांत चालू राहिलं. नंतर जवळ घेऊन कारण सांगणं मात्र फार थोड्या घरांत झालं.

आपल्या भागातलं दुसरं मोठं नाव कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं. कर्मवीरांनी 1919 साली कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत. त्या काळी ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला फार अवघड होती. घराघरांतून शिवाशिवीचं वळण घेऊन आलेली मुलं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडायला शिकली, आणि हे शिकवण्यात लक्ष्मीबाईंचा वाटा मोठा होता. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या. ज्या मुलांना त्यांनी वाढवलं, ती बहुतेक त्यांच्या पोटची नव्हती. आईपण असं पसरतंही.

मासिक आणि मिशीवाली आई

एक मजेची गोष्ट अशी की, मूल कसं वाढवावं यावर विचार करणारं एक महत्त्वाचं मराठी मासिक आपल्या अगदी शेजारून निघालं. किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंप तयार होत, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वाडीतून 1920 पासून ‘किर्लोस्कर’ आणि 1930 पासून ‘स्त्री’ ही मासिकं निघू लागली. शिकलेल्या घरांतल्या बायका ‘स्त्री’ची वाट पाहत. बायकांनी स्वतःच्या डोक्यानं विचार करावा, घराबाहेरच्या जगाची माहिती घ्यावी, हा त्या मासिकाचा रोख होता. तोपर्यंत सासू सांगेल ते बालसंगोपन, अशी रीत होती. आता सासूच्या जोडीला छापील कागद आला. काही घरांत त्यावरून खटकेही उडाले असतील!

त्याच सुमारास गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंनी 1907 साली रोममध्ये जो प्रयोग केला होता, त्यापासून त्यांनी स्फूर्ती घेतली. मुलाला भीती घालू नका, बक्षिसाचं आमिषही दाखवू नका, त्याला हातानं काम करू द्या, असं त्यांचं सांगणं. गिजुभाईंना भरघोस मिशा होत्या, म्हणून गुजरातेत लोक त्यांना प्रेमानं ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. आईचं काम बाप्या माणसालाही करता येतं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. आपल्या सोसायटीतल्या बाबालोकांनी हे नाव लक्षात ठेवावं!

गिजुभाईंच्या बरोबरीनं काम केलेल्या ताराबाई मोडक (1892 ते 1973) पुढे मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार चालवू लागल्या. पण शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतं हे शिक्षण राहू नये, म्हणून 1945 साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ (1910 ते 1992) येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. स्वतःचं मूल नाही, पण शेकडो मुलांच्या त्या ताई झाल्या. 1957 साली दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ नेलं.

बोर्डी-कोसबाडला त्यांना जे दिसलं, ते महत्त्वाचं आहे. आई रानात कामाला जाते, थोरली बहीण धाकट्याला काखेला मारून फिरते, मग शाळेत येणार कोण? तेव्हा त्यांनी ठरवलं, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं. पाड्याच्या अंगणात शाळा भरली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरली, ती कुरणशाळा. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं. पहिला पाठ हात-पाय धुण्याचा, नखं काढण्याचा, केस विंचरण्याचा. दुसरा पाठ, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा. या दोन्ही बायकांनी आयांना दोष देत बसण्यात वेळ घालवला नाही. आईचे हात कामात गुंतले आहेत ना, मग त्या वेळेपुरते आपले हात द्यायचे, असा त्यांचा सरळ व्यवहार होता.

दुष्काळ, खडी आणि अंगणवाडी

1972 चा दुष्काळ आमच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिला. खानापूर-आटपाडीच्या माळावर दुष्काळी कामं निघाली होती. बायका खडी फोडत, पाझर तलावाची माती वाहत. तान्ही मुलं झाडाला बांधलेल्या झोळीत आणि जरा मोठी मुलं धुळीत. तांबडी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. कुठल्या तरी म्हातारीला मुलांपाशी बसवून बाकीच्या बायका कामावर जात. ही युक्ती कुणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती. पुढे 2005 साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्यात अशीच तरतूद आली. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळण्याचं काम द्यायचं. मुलं सांभाळणं ही मजुरी देण्याजोगी मेहनत आहे, हे सरकारनं कागदावर मान्य केलं.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, शाळापूर्व शिक्षण हे सारं एका छपराखाली आलं. आपल्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर आजही अंगणवाडी सेविका आणि मदतनीस हे काम तुटपुंज्या मानधनावर करतात. आपल्यापैकी अनेकांची मुलं इंग्रजी नावाच्या नर्सरीत गेली, म्हणून या बायकांची आठवण आपल्याला कमी येते.

गलाईवाल्यांच्या घरातल्या आया

आता विट्याचा खास विषय. आपल्या खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सराफी पेठ असेल तिथं आपला माणूस सापडतो. आपल्या सोसायटीतही अशी घरं आहेत. दुष्काळी माती सोडून बाहेर पडलेल्या या माणसांच्या कष्टांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पण वर्षातून दसऱ्याला किंवा यात्रेला चार दिवस बाप दिसणाऱ्या घरात मुलं कुणी वाढवली, यावर कुणी फारसं लिहिलं नाही.

मी कौंटरच्या आतल्या बाजूनं हे पाहिलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोईमतूरहून, कलकत्त्याहून ड्राफ्ट यायचे. बाई डोक्यावर पदर घेऊन यायची, बरोबर आठ-नऊ वर्षांचं मूल. स्लिप भरायचं काम त्या मुलाचं. बाई अंगठा उठवायची आणि पोरगं रक्कम अक्षरात लिहायचं. मोजून घेतलेले पैसे आई पुन्हा त्याच्याकडून मोजून घ्यायची. घरी जाऊन कुणाला काही सांगायचं नाही, हेही तिथंच शिकवायची. व्यवहार, सचोटी, तोंड बंद ठेवणं, रांगेत थांबणं, हे सगळे धडे त्या पाच फुटांच्या कौंटरपाशी होत होते. पुढे त्यातले काहीजण स्वतः गलाईत गेले, काही इंजिनिअर झाले.

पण एक अडचण मी वारंवार पाहिली. मुलाच्या नावानं खातं काढायचं तर पालक म्हणून सही बापाची लागायची. बाप हजार मैलांवर. घर चालवणारी, मुलाला शाळेत घालणारी, रात्री तापात त्याच्या उशाशी बसणारी बाई समोर उभी, आणि कागद म्हणायचा की ही पालक नव्हे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं लिहिलेलं आहे. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मरणानंतर, असा अर्थ लावला जायचा.

हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही एका बँकेच्या कागदावरून. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक म्हणून स्वतःची सही केली होती, आणि ती मान्य झाली नव्हती. 1999 साली न्यायालयानं सांगितलं, ‘नंतर’चा अर्थ बापाच्या गैरहजेरीत असाही होतो. बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसेल किंवा घेऊ शकत नसेल, तर आई पालक. हा निकाल वाचला तेव्हा मला कौंटरसमोरच्या त्या सगळ्या बायका आठवल्या. आता तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव लावायचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. दोष देताना आईचं नाव आधी घ्यायचो, आता निदान दाखल्यावरही ते आधी येईल.

शास्त्र काय म्हणतं

नातवंडांच्या आया शास्त्राचा आधार मागतात, म्हणून थोडं तेही. अमेरिकेत डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकात लहान मुलांच्या आईबापांचा अभ्यास करून तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली, नुसता हुकूम. दुसरी, नुसते लाड. तिसरी, माया भरपूर पण शिस्तही ठाम, आणि शिस्तीचं कारण सांगणारी. तिसऱ्या तऱ्हेच्या घरातली मुलं जास्त स्वावलंबी आणि इतरांशी मिळून वागणारी दिसली. विठाई जे दळता दळता करत होत्या ते याहून वेगळं नव्हतं.

मोबाइलबद्दलही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं आहे की, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं. पण घास भरवताना मोबाइल लावणाऱ्या सूनबाईंवर तोंडसुख घेण्याआधी आपण स्वतःला विचारू. तो घास भरवायला आपल्यापैकी कुणी उठतो का?

आपलं अंगण

आमच्या लहानपणी आळीत सूरपारंब्या, लगोरी, विटीदांडू चालायचे. लहान पोर मध्ये आलं तर त्याला हाकलत नसत. त्याला ‘कच्चा लिंबू’ करून खेळात घेत. त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण तो खेळात असायचा. दुबळ्याला सामावून घ्यायचा हा नियम पोरांनी पोरांसाठी केलेला होता. भांडण झालं तर तिथंच मिटायचं, आणि नाहीच मिटलं तर ओट्यावरची कुणीतरी आजी दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून मिटवायची. ती आजी कुणाची हे बघायची पद्धत नव्हती.

फ्लॅटमध्ये आल्यावर दार बंद झालं. मूल आणि आई आत, बाकी सारे बाहेर. नोकरी करणाऱ्या मुलींना 2017 पासून 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते, आमच्या काळी ती 12 आठवडे होती. ही चांगलीच गोष्ट. पण सत्ताविसाव्या आठवड्यात मुलाला कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न रजेनं सुटत नाही. संध्याकाळी दमून आलेली आई आणि दिवसभर चार भिंतींत कोंडलेलं मूल यांची गाठ पडते आणि मग आपल्या कानावर आरडाओरडा येतो.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, मागच्या बाजूची मोकळी जागा गाड्यांसाठी फरशी घालून घ्यावी, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. माझं मत स्पष्ट आहे, ती जागा मुलांसाठी मोकळी राहावी. गाडीला रस्त्याच्या कडेला उभं करता येतं, मुलाला नाही. दुसरी, आम्ही निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी बाकावर बसून राजकारणावर बोलतोच. त्यातल्या दोघांनी पाळीपाळीनं पाच ते सात मुलांवर लक्ष ठेवावं. मी माझं नाव मंगळवार आणि शुक्रवारसाठी देत आहे. तिसरी, कुणाच्या मुलाबद्दल तक्रार असेल तर ती आईच्या दारात जाऊन सर्वांदेखत करू नये. आधी मुलाशी बोलावं, नाव घेऊन, जवळ बसवून. ऐकतात हो पोरं!

पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना कडेवर घेऊन आपण भूमिपूजनाला आलो, त्यांच्यातल्या काहींच्या कडेवर आज त्यांची मुलं आहेत. सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाचा लेख त्यांच्यातलंच कुणीतरी लिहील.